व्झेश्न्यात पुन्हा संप

गेनोवेफा : कपाळ गार आहे. पोट मऊ आहे. घसा बघावा म्हटलं, तर त्याला तोंड उघडायला लागतं, आणि तेच तर ती उघडत नाहीये. लुत्सियान, तो पेपर खाली ठेव आणि जरा तुझ्या नातीकडे बघ.

लुत्सियान : बघतोय की. छान बसलीय. पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर.

गेनोवेफा : छान? सकाळी तालमीहून आल्यापासून हू नाही की चू नाही! बटाटे वाढले, गार झाले. गझिक वाढलं. पांढऱ्या चीजमध्ये कांद्याची पात तिला आवडते म्हणून मूठभर जास्त चिरून घातली, तर चमचासुद्धा लावला नाही. "ओतिल्का, काय हवंय?" गप्प. "ओतिल्का, माझी बाहुली, आजीला सांग ना." गप्प. मघापासून नुसती भिंतीवरच्या येशूकडे बघतेय.

लुत्सियान : येशूकडे नाही. त्याच्या खालच्या घड्याळाकडे बघतेय.

गेनोवेफा : मग बरंच आहे! घड्याळ सांगतंय की साडेबारा वाजलेत आणि पाच वाजता कार्यक्रम आहे. सगळं व्झेश्न्या गाव जुन्या शाळेच्या अंगणात जमणार, एकोणीसशे एक सालच्या पोरांच्या संपाचं नाटक बघायला. बाकीची तेरा पोरं नुसती बाकावर बसून मार खाणार, आणि सगळ्यात शेवटी आपली ओतिलिया उभी राहून प्रार्थना सुरू करणार, पोलिशमध्ये. अख्ख्या नाटकातलं पोरांचं बोलणं ते एवढंच. त्या कामासाठी मी नाटक बसवणाऱ्या एलिगिया बाईंच्या किती हातापाया पडलेय, तुला माहीत आहे?

लुत्सियान : हातापाया नाही पडलीस. दोन ट्रे केक पाठवलेस.

गेनोवेफा : एक ट्रे. दुसरा अग्निशमन दलाच्या लोकांना दिला, खुर्च्या तेच मांडतात. विषय बदलू नकोस. खरं सांग, तालमीत तुझी छडी तिला लागली का?

लुत्सियान : माझी छडी? अगं, मी छडी उचलायच्या आधी प्रत्येक पोराला "माफ कर हं बाळा" म्हणतो. एलिगिया बाई माझ्यावर तीनदा ओरडल्या. म्हणाल्या, "लुत्सियान राव, तुम्ही प्रशियाच्या राज्यातले मास्तर आहात, दात काढणारे डॉक्टर नाही."

गेनोवेफा : देवा, काय माणूस गळ्यात बांधलास! चिठ्ठी तरी कशी तुझ्याच नावाची निघाली?

लुत्सियान : बंबवाल्याच्या शिरस्त्राणात बावीस चिठ्ठ्या होत्या. दरवर्षी तसंच करतात. मास्तरचं काम आपणहून कोण घेणार? गेल्या वर्षी खाटकाची चिठ्ठी निघाली. बिचाऱ्याला वर्षभर बायका दुकानात शिरताना "नमस्कार, मास्तर" म्हणत होत्या. आता माझी पाळी. तूच तर म्हणालीस, तीस वर्षं ट्रक घेऊन जर्मनीत हिंडलास, देवाने बरोबर माणूस निवडला.

गेनोवेफा : म्हणाले असेन. आता हिचं काय करायचं ते बोल. ओतिल्का, हे बघ काय आणलंय. तुझ्या आईचं पहिलीचं पुस्तक. बघ, मांजराचं चित्र. आईने त्याला मिशा काढल्यात. घे. हातात घे... अगं! अगं, हे काय करतेस? लुत्सियान, बघितलंस? एप्रनच्या टोकात धरून पुस्तक परत माझ्यापुढे ठेवलं! बोटसुद्धा लावलं नाही! लसूण लागल्यासारखं!

लुत्सियान : हा हा हा!

गेनोवेफा : हसतोस काय?

लुत्सियान : गेन्या, हे तू कुठेतरी बघितलं आहेस. आठव.

गेनोवेफा : मी कुठे बघणार?

लुत्सियान : दरवर्षी बघतेस. पहिल्या रांगेत बसून, रुमाल हातात घेऊन. धर्माचा तासही जर्मनमधून घ्यायची सक्ती, म्हणून मास्तर जर्मन पुस्तक वाटतो, मुली त्याला हात लावत नाहीत, एप्रनच्या टोकात धरतात आणि टेबलावर परत ठेवतात. आज सकाळी एलिगिया बाईंनी हिच्याकडून ते सहा वेळा करून घेतलं. "ओरडायचं नाही, रडायचं नाही, हात बाकावर, नजर समोर. नको त्या भाषेत विचारलं तर उत्तरच द्यायचं नाही."

गेनोवेफा : पण ते जर्मन पुस्तक होतं! हे पोलिश आहे!

लुत्सियान : हो ना. तेवढाच काय तो फरक.

गेनोवेफा : म्हणजे?

लुत्सियान : म्हणजे, पोरीने संप केलाय.

गेनोवेफा : संप? माझ्या स्वयंपाकघरात? कोणाविरुद्ध?

लुत्सियान : घरात तिघंच आहोत. मी काही केलेलं नाही.

गेनोवेफा : येशू मारिया!

लुत्सियान : आता शांतपणे सांग. परवा मी सायकल दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा इथे काय झालं?

गेनोवेफा : काही नाही झालं. साधा घरातला नियम केला.

लुत्सियान : तो फ्रिजवरचा कागद?

गेनोवेफा : लिहून ठेवलेलं बरं असतं.

लुत्सियान : "या घरात फक्त पोलिश." खाली दोन रेघा. "मीठ, दूध, टीव्ही, सायकल : पोलिशमध्ये मागा, मिळेल." आणि त्याच्या खाली, "हे लुत्सियानलाही लागू." तालुक्याच्या कचेरीत इतका कडक कागद लागत नाही, गेन्या.

गेनोवेफा : तुला लागू करायलाच हवं होतं! तुम्ही दोघं व्हरांड्यात बसता, तू तिला जर्मनमध्ये ट्रकच्या गोष्टी सांगतोस, ती खी खी हसते, आणि मी आत कांदा चिरते. मग ती पोलिश कशाला बोलेल? आजोबाकडे फुकट जर्मन मिळतंय!

लुत्सियान : म्हणून दोन दिवस मी तिला एक गोष्ट सांगितली नाही. ऑस्ट्रियाच्या बोगद्यात डुकरं सुटली होती ती अर्धीच राहिलीय. काल रात्री माझ्या बाहीला धरून हातानेच विचारलं, "पुढे?" मी मान हलवली आणि फ्रिजकडे बोट दाखवलं.

गेनोवेफा : मग तिने पोलिशमध्ये विचारायचं!

लुत्सियान : पोलिशमध्ये विचारलं की काय होतं?

गेनोवेफा : काय होतं? मी मदत करते.

लुत्सियान : कशी?

गेनोवेफा : कशी म्हणजे, चुकलं की तिथल्या तिथे सांगते. लहानपणी मलाही असंच शिकवलं. नाहीतर कशी सुधारणार?

लुत्सियान : परवा वरच्या मजल्यावरच्या ल्युबोमिरा बाई चहाला आल्या होत्या तेव्हाही सुधारलंस?

गेनोवेफा : ते... ते जरा हसू आलं. वाईट नाही हसलो. तिने केकला असं काही म्हटलं की ल्युबोमिराला ठसकाच लागला. आम्ही प्रेमाने हसलो.

लुत्सियान : हं.

गेनोवेफा : "हं" काय? तुझं ते "हं" मला चाळीस वर्षं झोंबतंय.

लुत्सियान : पंचेचाळीस.

गेनोवेफा : लुत्सियान, तू समजून घे जरा. मी पेट्रोनेला आजीची नात आहे. ती खरीखुरी त्या बाकावर बसली होती. अकरा वर्षांची होती, तळहातावर छड्या खाल्ल्या, पण देवाशी दुसऱ्याच्या भाषेत बोलली नाही. तिने माझ्या आईला पोलिश दिलं, आईने मला, मी आपल्या लेकीला. आणि लेक गेली जर्मनीत, न्युरेंबर्गला, लग्न केलं, आता तिची पोर मला फोनवर "हॅलो आजी, बरी आहे, बाय आजी" एवढंच म्हणते. तेवढेच शब्द! कुत्र्याला यापेक्षा जास्त येतात. एवढे हाल सोसून टिकवलेली भाषा माझ्याच घरात संपणार, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मारलेल्या छडीने नाही, कोणी बंदी घातली म्हणून नाही, नुसती आपोआप. मला भीती वाटते रे.

लुत्सियान : ठाऊक आहे मला.

गेनोवेफा : परवा तुझी मुलगी फोनवर काय म्हणाली माहीत आहे? "आई, पुढच्या सुट्टीत बघू. तिला तिकडे अवघडल्यासारखं होतं." अवघडल्यासारखं! आजीच्या घरी! म्हणून तर मी तो कागद लावला. मला वाटलं, दोनच आठवडे आहेत हातात, जोर लावू. थोडी बोलायला लागली की अवघड वाटणार नाही.

लुत्सियान : गाडी चिखलात रुतली की नवखा ड्रायव्हर असाच जोर लावतो. चाक आणखी आत जातं.

गेनोवेफा : मग जाणता ड्रायव्हर काय करतो?

लुत्सियान : खाली उतरतो आणि चाकापुढे काय आहे ते बघतो. तिला विचारू या का?

गेनोवेफा : ती बोलेल तर ना!

लुत्सियान : तिच्या भाषेत विचारतो. एकदाच. तुझी परवानगी असेल तर.

गेनोवेफा : आज? व्झेश्न्यात? आजच्या दिवशी माझ्या घरात जर्मन? थांब. खिडकी लावते. वर ल्युबोमिरा कान लावून बसलेली असते. दार पण लाव... हं. आता विचार. पण हळू आवाजात.

(लुत्सियान नातीला जर्मनमध्ये विचारतो आणि ओतिलियाही त्याच भाषेत उत्तर देते. गेनोवेफाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ओतिलियाला मात्र पोलिश ऐकलेलं सगळं कळतं, अडतं ते फक्त बोलताना.)

लुत्सियान : काय गं ओतिल्का, संप आहे का?

ओतिलिया : हो.

लुत्सियान : कधीपासून?

ओतिलिया : तालमीपासून. एलिगिया बाई म्हणाल्या, व्झेश्न्याची मुलं मार खातात पण जबरदस्तीने बोलत नाहीत. मी पण अर्धी व्झेश्न्याची आहे. आई म्हणते.

लुत्सियान : आणि भूक?

ओतिलिया : खूप लागलीय. पण खाल्लं तर "धन्यवाद" म्हणावं लागेल, मग आजी म्हणणार तसं नाही, असं म्हण.

गेनोवेफा : काय म्हणाली? एवढं भरभर काय बोलली? "आजी" ऐकू आलं मला.

लुत्सियान : म्हणतेय, आजी जरा शिस्तीची आहे.

ओतिलिया : मी तसं नाही म्हटलं! आजोबा, तू खोटं सांगतोस. तिला सांग, आजी मास्तरसारखी करते. नाटकातल्या मास्तरसारखी. फक्त छडी नाही.

लुत्सियान : अगं, असं थेट कसं...

गेनोवेफा : मान का खाजवतोस? सांग जसंच्या तसं.

लुत्सियान : म्हणतेय, की या घरात मास्तरची चिठ्ठी चुकीच्या माणसाच्या नावाने निघाली.

गेनोवेफा : कोणाच्या नावाने निघायला हवी होती?

लुत्सियान : गेन्या...

गेनोवेफा : माझ्या? मी मास्तर? मी, पेट्रोनेलाची नात? जिच्या अंगावर मी माझ्या हाताने शिवलेला एप्रन आहे, आजीच्या फोटोत बघून, डबल शिवण घालून, ती पोरगी मला मास्तर म्हणते? मी तिला मारलं? मी तिला कोंडलं? मी फक्त म्हटलं की मीठ हवं असेल तर... की पोलिशमध्ये... माग म्हणजे...

लुत्सियान : हं.

गेनोवेफा : आता "हं" म्हणू नकोस. हात जोडते.

लुत्सियान : बस जरा. पाणी घे.

गेनोवेफा : "पोलिशमध्ये मागा, मिळेल." देवा. मी दोन रेघा पण मारल्या खाली.

लुत्सियान : पट्टीने.

गेनोवेफा : पट्टीने! पेट्रोनेला आजी वरून बघत असेल तर चपलेने हाणेल मला. लुत्सियान, खरं सांग, ती हसेल का?

लुत्सियान : हसेलही. मास्तर पुन्हा शाळेत आला म्हणेल, आणि या खेपेला माझ्याच नातीच्या रूपात.

गेनोवेफा : तू माझी थट्टा करतोयस आणि मला रडू येतंय, आणि हसूही येतंय, धड काहीच नीट येत नाहीये. विचार तिला. मागण्या काय आहेत? संप आहे तर मागण्या असतील.

लुत्सियान : ओतिल्का, आजी विचारते, मागण्या काय?

ओतिलिया : तीन आहेत. एक, फ्रिजवरचा कागद काढायचा.

लुत्सियान : कागद काढायचा.

गेनोवेफा : काढला. हा बघ, चुलीत टाकते. चुंबक ठेवू ना? चुंबक लुबलिनच्या मावशीचा आहे.

ओतिलिया : चुंबक राहू दे. दोन, आजोबांनी डुकरांची गोष्ट पुरी करायची. आणि आजीने पण ऐकायला बसायचं, आत कांदा चिरायचा नाही.

लुत्सियान : माझी डुकरांची गोष्ट. तू व्हरांड्यात बसून ऐकायची.

गेनोवेफा : जर्मनमधून? मला काय कळणार?

ओतिलिया : मी तिला मधेमधे सांगेन. पोलिशमध्ये. जमेल तसं.

लुत्सियान : म्हणतेय, ती तुला पोलिशमध्ये समजावून सांगेल. जमेल तसं.

गेनोवेफा : ती? मला? पोलिशमध्ये? ...मान्य आहे. मान्य आहे, लुत्सियान, हसू नकोस. तिसरी काय?

ओतिलिया : तिसरी... मला आजीला काहीतरी विचारायचं होतं. परवापासून. मी सुरू केलं आणि तिने पहिला शब्द बरोबर केला. मग दुसरा. मग तिसरा. मग मला काय विचारायचं होतं तेच गेलं. मग त्या वरच्या बाई आल्या आणि दोघी हसल्या.

गेनोवेफा : काय झालं? काय म्हणाली? तुझा चेहरा का असा झाला?

लुत्सियान : परवा तिला तुला काहीतरी विचारायचं होतं. तू तिला ते शेवटपर्यंत बोलू दिलं नाहीस. तेच तिला विचारायचंय. पोलिशमध्येच. आपणहून. पण ती बोलत असताना तू एक शब्द बोलायचा नाहीस.

गेनोवेफा : एकही नाही?

ओतिलिया : एकही नाही. हात टेबलावर. नजर समोर.

लुत्सियान : म्हणतेय, हात टेबलावर, नजर समोर. एलिगिया बाईंनी शिकवलं तसं.

गेनोवेफा : आणि चुकलं तर?

लुत्सियान : गेन्या.

गेनोवेफा : विचारलं फक्त. बसते. हे बघ बसले. हात ठेवले. ओतिल्का, संध्याकाळचं तरी म्हणशील ना गं? शेवटचं वाक्य?

ओतिलिया : ते म्हणणारच आहे. तो संप वेगळा, हा वेगळा.

लुत्सियान : म्हणणार आहे. म्हणाली, तो संप वेगळा, हा वेगळा.

गेनोवेफा : येशू मारिया, दोन संप एकाच वेळी चालवते. ही पेट्रोनेलाचीच खापरपणती, दुसऱ्या कोणाची नाही. चल, बोल. मी गप्प.

ओतिलिया : आजी...

लुत्सियान : हं, हे झालं पोलिश. सावकाश. आम्हाला कुठे जायचंय.

ओतिलिया : आजी. जेव्हा तो... जेव्हा तो पेट्रोनेला आजी मार खाल्ला...

लुत्सियान : गेन्या, ओठ चावलेस तरी चालेल. हात टेबलावरच ठेव.

ओतिलिया : ...मार खाल्ला, आणि शाळा मधून घर गेला. तेव्हा त्याचा आई... त्याचा आई काय केला? तो रागावली? की तो... तो रडली? नाटकमध्ये ते नाही. नाटकमध्ये मार आहे, मग प्रार्थना आहे, मग टाळी आहे. घर नाही. मी एलिगिया बाई विचारलं, ती पण माहीत नाही. म्हणाली, आजी विचार. संपलं.

लुत्सियान : संपलं म्हणतेय, गेन्या. आता बोलू शकतेस. गेन्या? अगं, रुमाल माझ्या खिशात आहे, घे.

गेनोवेफा : एवढ्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही. पहिल्या रांगेत बसते दरवर्षी, पत्रकारसुद्धा येतात, विचारतात, "किती छड्या? कुठल्या हातावर?" घरी आल्यावर काय झालं, हे कोणीच विचारत नाही.

ओतिलिया : तू माहीत आहे?

गेनोवेफा : मला माहीत आहे, सोन्या. आजीने स्वतः सांगितलं होतं, मी तुझ्याएवढी होते तेव्हा. ती घरी आली तेव्हा दोन्ही तळहात असे फुगलेले, मूठ मिटत नव्हती. आणि तिला भीती कशाची वाटत होती सांगू? माराची नाही, मार तर खाऊन झाला होता. एप्रन फाटला होता त्याची. नवा एप्रन. तिला वाटलं, आई आता दुसऱ्यांदा झोडपणार.

ओतिलिया : झोडपलं?

गेनोवेफा : नाही. तिच्या आईला लिहिता वाचता येत नव्हतं. ना पोलिश, ना जर्मन. बोलकी पण नव्हती. तिने एप्रनकडे बघितलं, हातांकडे बघितलं, आणि ताट वाढलं. बटाटे आणि गझिक. हेच. पेट्रोनेलाला चमचा धरता येईना. तर आई शेजारी बसली आणि भरवायला लागली. अकरा वर्षांच्या घोडीला! समोर दोन धाकटे भाऊ, खिदळायला लागले. आईने त्यांच्याकडे एकदा बघितलं, बस्स. मग सगळं घर गप्प, आणि ही तोंड उघडतेय, आई भरवतेय. एक शब्द नाही कोणाचा.

ओतिलिया : सगळे बटाटे?

गेनोवेफा : सगळे. वर आणखी एक वाढला. आजी म्हातारपणी मला म्हणायची, "गेन्या, लोक मला माराचं विचारतात. मार मी कधीच विसरले गं. ते भरवणं नाही विसरले."

लुत्सियान : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

गेनोवेफा : तू तरी कुठे विचारलंस? पंचेचाळीस वर्षं बटाटे खातोयस माझ्या हातचे.

ओतिलिया : आजी.

गेनोवेफा : बोल. मी हात टेबलावर ठेवलेत अजून, बघ.

ओतिलिया : माझा पण हात दुखते.

गेनोवेफा : दुखते? कुठे? लुत्सियान! तुझ्या त्या छडीने शेवटी...

लुत्सियान : गेन्या, तिच्याकडे बघ. नीट बघ. ओठ दाबून हसतेय.

ओतिलिया : खूप दुखते. चमचा धरता नाही येत.

गेनोवेफा : अस्सं. दोन्ही हात?

ओतिलिया : दोन्ही.

गेनोवेफा : मग काय करणार बाई. सर जरा इकडे. नऊ वर्षांची घोडी! उघड तोंड. आ... अस्सं. गार झालेत गं बटाटे, गरम करू का?

ओतिलिया : नको. असाच.

लुत्सियान : मी पण तालमीत चौदा पोरांवर छडी उगारलीय. माझाही हात दुखतोय.

गेनोवेफा : मास्तरांनी आपलं आपण वाढून घ्यावं. ओतिल्का, तो बोगद्याचा काय प्रकार आहे? डुकरं किती होती?

ओतिलिया : साठ! आणि एक पोलीसचा गाडीत गेली! समोरचा सीट!

गेनोवेफा : अरे देवा! मग पोलीस कुठे बसला?

ओतिलिया : ते आजोबा सांगणार. मग मी तुला सांगणार. आजी, अजून एक.

गेनोवेफा : घे की, बटाटे भरपूर आहेत.

ओतिलिया : बटाटा नाही. अजून एक बोलायचं आहे. आई फोन करेल ना, तेव्हा मी आई सांगणार. पुढचा सुट्टीत मी पुन्हा येणार. एकटा येणार. खूप दिवस राहणार.

लुत्सियान : ...गेन्या, चमचा हवेतच राहिला तुझा. आणि काय गं, एवढ्या चुका झाल्या एका दमात, आणि तू चक्क गप्प?

गेनोवेफा : चुका? कुठे झाल्या चुका? मला तर सगळं बरोबर ऐकू आलं.